बावीस मजल्यांचा प्रस्ताव, अर्धं सभागृह विरोधात: कोणती हरकत टिकते?

पूर्वेची खिडकी (मूळ प्रश्न; पुढची शीर्षकं म्हणजे लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

शहराच्या कौन्सिलपुढे झोन बदलाचा अर्ज आहे. भूखंड 3,000 चौ. मी., सध्या चार मजल्यांची परवानगी. मागितले आहेत 22 मजले, उंची 68 मीटर, 240 घरं, त्यांतली 36 बाजारभावापेक्षा कमी भाड्याची. खाली 1,800 चौ. मी.चे चार मजले पोडियम, त्यावर 750 चौ. मी.चा मनोरा. अक्षांश साधारण 45 उत्तर. उत्तरेला 90 मीटरवर सार्वजनिक बाग.

नियोजन विभागाची शिफारस मंजुरीची, नगरसेवक मात्र निम्मे इकडे, निम्मे तिकडे. हरकती नेहमीच्याच: बागेवर सावली, रहदारी, ड्रेनेजवर ताण, परिसराचं स्वरूप बिघडेल, आसपासच्या घरांच्या किमती पडतील. तडजोड म्हणून "14 मजल्यांवर आणा" अशी उपसूचना येणार आहे. सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. यातल्या कोणत्या मुद्द्यांना खरंच वजन असतं? आणि 14 मजल्यांची तडजोड शहाणपणाची आहे का?

---

हरकत क्रमांक एक

आधी एक गोष्ट तपासा: कौन्सिल इथे धोरण ठरवतंय की ठरलेला नियम लागू करतंय? सगळं उत्तर त्यावर फिरतं.

झोन बदल हा बहुतेक ठिकाणी धोरणात्मक निर्णय असतो. नगरसेवकांना मोकळीक जास्त, "आम्हाला इथे इतकी घनता नको" असंही म्हणता येतं. नियमात आधीच बसणाऱ्या इमारतीचा आराखडा किंवा विशेष परवानगी समोर असेल, तर सभागृह जवळजवळ न्यायाधीशाच्या जागी बसतं. तिथे पुरावा लागतो, लेखी कारणं लागतात, आणि "लोकांचा विरोध आहे" हे कारण अपिलात टिकत नाही.

कॅलिफोर्नियात 1982 पासूनचा कायदा सांगतो की लेखी, वस्तुनिष्ठ निकषांत बसणारा गृहप्रकल्प नाकारायचा किंवा त्याची घनता कमी करायची, तर सार्वजनिक आरोग्य वा सुरक्षिततेवर ठोस, विशिष्ट दुष्परिणाम पुराव्यानिशी दाखवावा लागतो. 2019 च्या दुरुस्तीने अशा प्रकल्पाच्या सुनावण्यांवर पाचची मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये घराची किंमत पडणं किंवा खिडकीतलं खासगी दृश्य जाणं हे विचारात घेण्याजोगे मुद्देच धरले जात नाहीत. सूर्यप्रकाश अडणं, खिडकीवर खिडकी येणं, रस्त्याची सुरक्षितता हे धरले जातात. म्हणजे किमतीचा मुद्दा तुमच्या यादीतून काढून टाकलात तरी काही बिघडत नाही.

मतांचं गणितही आधी पाहा. अमेरिकेत 1926 च्या नमुना झोनिंग कायद्यापासून एक तरतूद अनेक राज्यांत उतरली: लगतच्या 20 टक्के जमिनीच्या मालकांनी लेखी विरोध नोंदवला, की साध्या बहुमताऐवजी तीन चतुर्थांश मतं लागतात. अशी तरतूद असेल तर निम्मं-निम्मं सभागृह म्हणजे प्रस्ताव पडल्यातच जमा. भाषण घासूनपुसून तयार करण्याआधी हे शोधा.

कारण न देता किंवा भलत्याच कारणाने अडवलं की काय होतं, याचं ठळक उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. ऑक्टोबर 2021 मध्ये तिथल्या सभागृहाने 469 स्टीव्हन्सन स्ट्रीटवरच्या 495 घरांचा प्रकल्प पर्यावरण अहवालातल्या त्रुटींवर बोट ठेवून 8 विरुद्ध 3 मतांनी परत पाठवला. जागा होती गाड्या लावण्याची. राज्याच्या गृहनिर्माण खात्याने शहराकडे खुलासा मागितला, आणि 2023 मध्ये सुधारित अहवालावर तोच प्रकल्प मंजूर झाला. दोन वर्षं गेली आणि बदललं मुख्यतः अहवालातलं विश्लेषण.

---

सामासिक अंतर

वरचं बरोबर आहे, पण "स्वरूप" आणि "सावली" सरसकट हलके मुद्दे समजू नका. शहराच्या आराखड्यात त्याचा लेखी निकष असेल तर तीच हरकत सगळ्यांत भारी ठरते. सॅन फ्रान्सिस्कोत 1984 पासून 40 फुटांपेक्षा उंच बांधकामाची सावली उद्यान विभागाच्या बागांवर किती पडते हे तपासावंच लागतं. व्हँकुव्हरने 1989 मध्ये डोंगरांकडे जाणारे दृश्यपट्टे ठरवून दिले आणि त्यात शिरणारे मजले छाटले जाऊ लागले. निकष नसेल तर हरकत म्हणजे नुसती भावना. म्हणून आराखड्यातलं कलम शोधा आणि त्याचा क्रमांक घेऊन बोला.

आता सावलीचा हिशेब. तो कागद-पेन्सिलीने होतो.

दुपारी बाराला सावलीची लांबी म्हणजे उंची भागिले सूर्याच्या उन्नतांशाचा (क्षितिजापासूनच्या उंचीच्या कोनाचा) टॅन. 45 अंशांवर 21 मार्चला सूर्य 45 अंशांवर असतो, त्यामुळे 68 मीटर उंचीची सावली 68 मीटर. 21 डिसेंबरला सूर्य जेमतेम 21.6 अंशांवर, सावली 172 मीटर. 21 जूनला 27 मीटर. मोजायचं मनोऱ्याच्या उत्तर भिंतीपासून, भूखंडाच्या हद्दीपासून नव्हे. ही चूक हरकतींमध्ये वारंवार दिसते.

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट अशी की विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी (21 मार्चच्या सुमारास), सपाट जमिनीवर सावलीचं टोक दिवसभर पूर्व-पश्चिम सरळ रेषेत सरकतं. उत्तरेकडचं अंतर बदलत नाही. त्यामुळे 21 मार्चला तुमच्या बागेला, 90 मीटरवर, कोणत्याही तासाला या इमारतीची सावली लागत नाही. बाग थेट उत्तरेला नसून ईशान्येला असली तरी तिची जवळची कड उत्तर दिशेने 90 मीटर असेल तर हेच लागू. "बाग अंधारात जाईल" असं कोणी म्हणालं तर हा आकडा त्यांच्यापुढे ठेवा.

डिसेंबरमध्ये मात्र सावली बागेत 82 मीटर आत जाते. आणि 14 मजले केले, म्हणजे साधारण 43.5 मीटर, तरी डिसेंबरच्या दुपारी ती 110 मीटर पडते, बागेत 20 मीटर आत. डिसेंबरात भरदुपारी बाग पूर्ण मोकळी हवी असेल तर उंची 35 मीटरच्या आसपास, म्हणजे 11 मजले लागतील. 14 हा आकडा सावलीच्या हिशेबातून आलेला दिसत नाही. उपसूचना मांडणाऱ्याला तो कुठून आणला हे विचारायला हवं.

दुसरा भाग रुंदीचा. मनोऱ्याची भिंत 27 मीटर धरा. विषुवदिनी उत्तरेला 30 मीटरवर असलेल्या खिडकीवर त्याची सावली ढोबळमानाने सव्वादोन तास राहते. त्याच जागी 35 मीटर उंच पण 60 मीटर रुंद आडवी इमारत उभी केली, तर त्याच खिडकीवर सावली पावणेपाच तासांच्या घरात. उंची निम्मी, शेजाऱ्याचा अंधार दुप्पट. शेजाऱ्यांचं ऊन बऱ्याचदा उंचीपेक्षा रुंदी जास्त खाते, तरी सभागृहात सगळे मजलेच मोजत बसतात.

अर्जदाराच्या सावली अहवालात तीन गोष्टी बघा: तारखा कोणत्या घेतल्या, तासागणिक चित्रं आहेत की फक्त तीन, आणि आधीपासून असलेल्या इमारतींची सावली वेगळ्या रंगात दाखवली आहे का. ती वेगळी नसेल तर नवी भर किती हे कळतच नाही. मोकळ्या जागेसाठी ब्रिटनमधला रूढ निकष सोपा आहे: 21 मार्चला किमान निम्म्या क्षेत्राला दोन तास ऊन. तुमच्या शहराचा निकष नसेल तर तुलनेला हा घ्या.

---

चटई मोजणारा

14 मजल्यांच्या तडजोडीचा हिशेब मांडतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

आत्ताचा प्रस्ताव: पोडियम 7,200 अधिक मनोरा 18 × 750 = 13,500, एकूण 20,700 चौ. मी. एफएसआय (एकूण बांधकाम भागिले भूखंडाचं क्षेत्र) 6.9. आठ मजले काढले की मनोऱ्यातले 6,000 चौ. मी. जातात, एकूण 14,700, एफएसआय 4.9. तळमजल्यावर दुकानं, प्रवेश आणि गाड्यांची वाट धरली तर घरं 240 वरून 164 च्या आसपास येतात. कमी भाड्याच्या घरांचं प्रमाण 15 टक्केच ठेवलं तरी ती 36 वरून 25 वर.

प्रमाण तेवढं राहत नाही, हा पुढचा प्रश्न. जमिनीची किंमत तीच, खोदकाम जवळजवळ तेच, तळघर तेच. लिफ्ट कदाचित एक कमी होईल, जिने कमी होणार नाहीत. अमेरिकी बांधकाम संहितेत सगळ्यांत वरचा वापरातला मजला अग्निशमन गाडीच्या पातळीपासून 75 फुटांवर, म्हणजे सुमारे 23 मीटरवर गेला की इमारत "हायराईज": धूर रोखणारे जिने, राखीव वीज, अग्निशमन नियंत्रण कक्ष. 14 मजले त्या रेषेच्या कितीतरी वरच. इंग्लंडमध्ये 30 सप्टेंबर 2026 पासून 18 मीटरच्या वरच्या नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा. म्हणजे 14 मजल्यांवर आणून उंच इमारतीचा जवळजवळ कोणताच खास खर्च वाचत नाही, फक्त तो वाटून घेणारी घरं घटतात. मग विकासक कमी भाड्याच्या घरांवर सूट मागतो, आणि तोवर सभागृहाला आपण "जिंकलो" असं वाटत असल्याने ती मिळतेही.

दुसरी पळवाट याहून सोपी. ठरावात फक्त मजले लिहिले आणि मजल्याचं क्षेत्र लिहिलं नाही, तर 10 मजले × 1,350 चौ. मी. = तेच 13,500. एफएसआय पुन्हा 6.9. उंची कमी झाली, मनोरा जवळजवळ दुप्पट जाड झाला, आणि वर सावलीचं जे गणित दिलंय ते सगळं शेजाऱ्यांच्या अंगावर आलं.

म्हणून माझं मत: मजले छाटण्यात ताकद घालवू नका. मजल्याचं कमाल क्षेत्र आणि दोन मनोऱ्यांमधलं अंतर ठरावात बांधून घ्या. टोरंटोच्या मार्गदर्शक सूचनांत 750 चौ. मी. आणि 25 मीटर आहे, हद्दीपासून 12.5 मीटर, व्हँकुव्हरात मनोऱ्यांमध्ये 80 फूट. शेजारचा भूखंड आज रिकामा असला तरी हद्दीपासूनचं अंतर लिहूनच घ्या, नाहीतर पाच वर्षांनी शेजारी दुसरा मनोरा आला की दोन्हीकडच्या खिडक्या एकमेकींत बघणार.

---

पूर्वेची खिडकी

14 चा आकडा कुठून आला हे अर्जाच्या कागदांत कुठेच नाही, हे खरं. ड्रेनेज आणि रहदारीबद्दल कोणी सांगेल का? सगळ्यांत जास्त आवाज त्यावरच आहे. वाऱ्याचा उल्लेख कोणी केलेला नाही.

---

मलवाहिनी

ड्रेनेज. 240 घरं, घरटी दोन माणसं, माणशी रोज 200 लिटर धरा: 96 घनमीटर. सरासरी 1.1 लिटर प्रति सेकंद. सकाळच्या घाईसाठी चौपट केलं तरी साडेचार.

आता पाऊस. तोच 3,000 चौ. मी.चा भूखंड पूर्ण फरशीबंद, तासाला 50 मि.मी. पाऊस: 150 घनमीटर, म्हणजे जवळपास 42 लिटर प्रति सेकंद. सकाळच्या घाईतल्या सांडपाण्याच्याही नऊपट. सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीत जात असेल तर खरा ताण पावसाचा. मजले कमी करून तो एक थेंबही घटत नाही, कारण छताचं क्षेत्र तेच राहतं. मागणी ही हवी: साठवण टाकी, आणि बाहेर सोडण्याचा दर 5 लिटर प्रति सेकंदापुरता बांधलेला. एका तासाच्या अशा पावसाला सुमारे 130 घनमीटरची टाकी लागते. ती पोडियमखाली सहज बसते. अहवालात वाहिनीची क्षमता फक्त भूखंडासमोर तपासली असेल तर परत पाठवा. अडतं ते खाली, जिथे दोन वाहिन्या मिळतात तिथे.

पाणी: दर 10 मीटरला साधारण 1 बार दाब. 68 मीटरला इमारतीचे स्वतःचे पंप लागणारच, शहराच्या दाबावर वरचे मजले चालत नाहीत. शहराचा प्रश्न आगीच्या वेळच्या प्रवाहाचा, त्यासाठी जवळच्या हायड्रंटची (आग विझवण्यासाठीच्या रस्त्यावरच्या नळाची) चाचणी मागा.

रहदारी: अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या प्रवासदरांत उंच निवासी इमारतीला संध्याकाळच्या गर्दीच्या तासात घरामागे साधारण एक तृतीयांश फेरी धरतात. 240 घरांना 80 च्या आत, मिनिटाला एकाहून थोडी जास्त गाडी. चौकात आधीच सिग्नलला सरासरी 80 सेकंदांहून जास्त थांबावं लागत असेल तर तो चौक आधीच नापास आहे. ते खापर या इमारतीवर फोडलं तर अर्जदाराचा सल्लागार दोन मिनिटांत मुद्दा खोडून काढेल. त्याऐवजी पोडियममधून गाडी बाहेर पडते तिथे पादचारी दिसतो का, आणि सामानाचा ट्रक रस्ता न अडवता कुठे उभा राहणार, हे विचारा. अपघात तिथे होतात.

वारा हा विसरलेला पण जिवाशी खेळणारा मुद्दा. उंच भिंतीवर आपटलेला वारा खाली घसरतो आणि कोपऱ्यांवर जोर धरतो. लीड्समधल्या 112 मीटर उंच ब्रिजवॉटर प्लेसपाशी मार्च 2011 मध्ये वाऱ्याने ट्रक उलटून एक पादचारी दगावला; नंतर वारा अडवणारे पडदे उभारावे लागले. तुमच्या प्रस्तावात पोडियम आहे हे चांगलं, खाली येणारा वारा त्याच्या छतावर थांबतो, पण मनोरा पोडियमच्या कडेपासून पुरेसा आत असेल तरच. रस्त्याच्या कडेला मनोऱ्याची भिंत थेट खाली उतरत असेल तर पवनबोगद्यातली चाचणी मंजुरीआधी मागा. "झाडं लावू" हा सुरक्षिततेचा उपाय म्हणून मान्य करू नका, झाडं वाढायला वर्षं लागतात आणि हिवाळ्यात पानं नसतात.

---

हरकत क्रमांक एक

तीन मिनिटांबद्दल. साधारण 350 शब्द होतात. एकच मुद्दा घ्या: कलम क्रमांक, आकडा, आणि शेवटी ठरावात घालायचं तयार वाक्य. "मनोऱ्याच्या कोणत्याही मजल्याचं एकूण क्षेत्र 750 चौ. मी.पेक्षा जास्त असणार नाही" असं वाक्य नगरसेवक जसंच्या तसं उपसूचनेत वाचू शकतो. "विकासकाने शेजाऱ्यांच्या भावना लक्षात घ्याव्यात" याचं पुढे कोणी काहीच करू शकत नाही.

तेच वाक्य लेखी स्वरूपात मुदतीआधी नोंदणीकडे द्या. अपिलात नोंदीवर नसलेला मुद्दा बहुधा उचलता येत नाही, आणि सुनावणी बंद झाल्यावर नगरसेवकांना पाठवलेला मजकूर नोंदीत येत नाही. उलट काही ठिकाणी त्यानेच निर्णय धोक्यात येतो.

आयत्या वेळच्या उपसूचनेचा धोकाही ध्यानात ठेवा. 22 चे 14 असा मोठा बदल सभागृहात ऐनवेळी झाला तर तो जाहीर केलेला प्रस्ताव राहत नाही, अनेक ठिकाणी नव्याने नोटीस आणि सुनावणी लागते. ती टाळून मत घेतलं तर ज्याला निकाल आवडला नाही तो याच मुद्द्यावर कोर्टात जातो. अटी घालणं हा त्या मानाने सुरक्षित रस्ता. कमी भाड्याची 36 घरं, त्यांची मुदत किती वर्षांची, आणि करार जमिनीच्या दस्तावर नोंदला जाईल हे अंतिम मंजुरीच्या आधी पक्कं करून घ्या. त्या मतदानानंतर विकासकाला सही करण्याची घाई उरत नाही.