टॅसिटस वाचणारा निवृत्त राष्ट्राध्यक्ष: जेफरसन यांच्या युद्धकाळातील पत्रांवर विश्वास ठेवावा का?

जुना वाचक:
१८००च्या अमेरिकी निवडणुकीत थॉमस जेफरसन यांनी तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांना हरवले आणि दोघांच्या जुन्या मैत्रीत अढी पडली. दोघांचे मित्र डॉ. बेंजामिन रश यांनी मध्यस्थी केल्यावर १ जानेवारी १८१२ रोजी अ‍ॅडम्स यांनी क्विन्सीहून पत्र धाडून अबोला मोडला. सहा महिन्यांच्या आत अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. जेफरसन तेव्हा माँटिचेलो या आपल्या व्हर्जिनियातील मळ्यावर निवृत्त जीवन जगत होते. वर्तमानपत्रे सोडून आपण टॅसिटस व थुसिडिडीस हे प्राचीन इतिहासकार, तसेच न्यूटन आणि युक्लिड यांना जवळ केले आहे व त्यात अधिक सुखी आहोत, असे त्यांनी २१ जानेवारीच्या उत्तरात कळवले.

सत्ता सोडलेल्या माणसाने मित्राला कसे लिहावे, याचा हा पत्रव्यवहार मला वस्तुपाठ वाटतो. २७ मे १८१३चे पत्र पाहा. अ‍ॅडम्स आरमाराचे जुने पुरस्कर्ते, तर जेफरसन यांच्या कारकिर्दीत भर होता तो छोट्या तोफनौकांवर. ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकी युद्धनौकेने ‘गेरियर’ या ब्रिटिश युद्धनौकेचा पराभव केल्यानंतरच्या त्या दिवसांत, आपल्या छोट्याशा आरमाराच्या यशाचा आनंद इतरांपेक्षा तुम्हालाच अधिक व्हावा, असे जेफरसन लिहितात. एके काळच्या प्रतिस्पर्ध्याला असे श्रेय देण्यासाठी मन मोठे लागते.

तिरकस:
जुना वाचक, त्याच परिच्छेदातील पुढचे वाक्य आपण का गाळलेत? आपला मतभेद तत्त्वाचा नव्हता, केवळ वेळेचा होता, अशी पुस्ती जेफरसन लगेच जोडतात. एका हाताने दिलेले श्रेय दुसऱ्या हाताने अर्धे परत घेतलेले आहे.

वर्तमानपत्रे सोडल्याचे म्हणाल, तर ४ ऑगस्ट १८१२ रोजी हेच गृहस्थ विल्यम ड्युएन यांना लिहितात की क्वेबेकच्या आसपासपर्यंतचा कॅनडा या वर्षी घेणे म्हणजे नुसते चालत जाण्याचे काम आहे. ब्रिटिशांनी न्यूयॉर्क किंवा बोस्टन जाळलेच, तर पैसे देऊन लंडनमधल्याच कंगालांकडून लंडन पेटवावे, असाही सल्ला देतात. हे ड्युएन कोण? फिलाडेल्फियाच्या ‘ऑरोरा’ या वर्तमानपत्राचे संपादक! त्यानंतर बाराच दिवसांत अमेरिकेचे जनरल हल यांनी कॅनडाच्या सीमेवरचे डेट्रॉइट ब्रिटिशांच्या स्वाधीन केले. थुसिडिडीस वाचणाऱ्याला अथेन्सची फसलेली सिसिलीची मोहीम आठवू नये, याचे मला नवल वाटते.

जुना वाचक:
भाकीत साफ चुकले, हे मान्य. परंतु जानेवारीतले पत्र युद्धाच्या आधीचे आहे. त्यातील विरक्ती ऑगस्टमध्ये टिकली नाही म्हणून ती मुळात खोटी होती, असे ठरत नाही. खासगी पत्र म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. माणूस संपादकाशी एका सुरात बोलतो आणि बरोबरीच्या म्हाताऱ्या मित्राशी दुसऱ्या. आपणही तेच करतो.

सूतगुंडी:
दोघांचेही लक्ष त्या पहिल्या पत्रातील कापडाकडे गेलेले दिसत नाही. अ‍ॅडम्स यांनी थट्टेने लिहिले होते की सोबत घरच्या मागावरचे दोन नग पाठवत आहे. नग म्हणजे त्यांच्या मुलाच्या, जॉन क्विन्सी यांच्या, वक्तृत्वशास्त्रावरील व्याख्यानांचे दोन खंड. पुडके मागाहून पोचणार होते, त्यामुळे जेफरसन यांना ते खरेच कापड वाटले आणि घरोघरी चालणाऱ्या पिंजण-कताईची, चात्यांची आणि मागांची माहिती त्यांनी उत्तरात मोठ्या हौसेने लिहून काढली. प्रसंग गमतीचा खरा, पण माँटिचेलोच्या मागांवर बसत कोण होते? गुलाम स्त्रिया आणि मुली. ते त्या उत्तरात येत नाही.

आता २५ ऑगस्ट १८१४ ही तारीख घ्या. आदल्या दिवशी ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळले होते. त्या दिवशी जेफरसन एडवर्ड कोल्स या तरुणाला उत्तर लिहीत होते. आपले गुलाम मुक्त करण्याचा विचार असलेल्या कोल्स यांनी त्यांच्याकडे नेतृत्व मागितले होते. गुलामगिरी अन्याय्य आहे हे जेफरसन कबूल करतात, मात्र हे काम तरुणांचे आहे, माझे वय झाले, असे म्हणून अंग काढून घेतात. वर कोल्स यांनाही आपले गुलाम सोडू नका असे सुचवतात. युक्लिडसाठी मात्र वय आड आले नाही! निवृत्तीचे खरे माप मला त्या पत्रात दिसते, टॅसिटसच्या उल्लेखात नव्हे.

जुना वाचक:
कोल्स यांच्या पत्रापुढे माझ्याकडे बचाव नाही, आणि ‘वस्तुपाठ’ हा शब्द मी मागे घेतो. तरीही अ‍ॅडम्स यांना लिहिलेली पत्रे मी निकालात काढणार नाही. जेफरसन यांचे त्यांच्यावर टीका करणारे एक जुने पत्र छापले गेल्याचे १८१३मध्ये कळल्यावर अ‍ॅडम्स यांनी त्यांना तोंडावर जाब विचारला, तेव्हा जेफरसन यांनी टाळाटाळ न करता खुलासा केला. एकमेकांना आपली बाजू समजावल्याशिवाय आपण मरता कामा नये, हे अ‍ॅडम्स यांचे प्रसिद्ध वाक्य त्याच वर्षीच्या १५ जुलैचे आहे.

तिरकस:
वाक्य अ‍ॅडम्स यांचे आहे, हे आपणच लिहिलेत. १८१२पासूनच्या दीडशेहून अधिक पत्रांत अ‍ॅडम्स यांची पत्रे जेफरसन यांच्या दुपटीहून जास्त आहेत. धाग्याच्या शीर्षकात नाव चुकीच्या म्हाताऱ्याचे पडले आहे.