दाताच्या लॅबचा डिप्लोमा : फी भरायची, पण पगार कुठे आहे?

प्लास्टरवाला, सांगली
काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं : "नीटमध्ये मार्क कमी पडले तर खचू नका. डेंटल मेकॅनिक किंवा हायजिनिस्टचा दोन वर्षांचा डिप्लोमा करा. खर्च कमी, नोकरी हमखास, सुरुवातच तीस हजारांनी." खाली आभारांची रांग लागली. मला राहवलं नाही.

माझी हयात दातांच्या कॅपा आणि कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये गेली. आमच्या भागात डिप्लोमा करून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी दहा-बारा हजार मिळतात. त्याच्या शेजारच्या टेबलावर दहावी नापास पोरगा बसलेला असतो. तो मालकाच्या हाताखाली शिकलाय, हात भरभर चालतो आणि युनिटवर, म्हणजे दातामागे, पैसे घेतो, म्हणून तोच जास्त कमावतो. इकडे खासगी कॉलेजची फी वर्षाला साठ-सत्तर हजार सांगतात. खोली, मेस आणि हत्यारं धरली की दोन वर्षांत दोन-अडीच लाख गेले.

१९४८ च्या डेंटिस्ट अॅक्टने मेकॅनिक आणि हायजिनिस्ट दोघांचीही वेगळी नोंदणी ठरवली. पण आजवर एकाही डॉक्टरने मला विचारलेलं नाही की कॅप बनवणारा मुलगा नोंदणीकृत आहे का. तो प्रश्न विचारला जाईपर्यंत त्या सर्टिफिकेटला बाजारात भाव नाही.

डॉ. मुलुंडकर
दोन वेगळे कोर्स एका माळेत ओवू नका. मेकॅनिक लॅबमध्ये, हायजिनिस्ट पेशंटच्या तोंडात दात साफ करायचं काम करते. आणि सगळं खापर डॉक्टरवर का? पाच वर्षं बीडीएस केलेल्या मुलांना मुंबईत पंधरा-वीस हजारांवर राबवून घेतात. गल्लीत तीन दवाखाने आहेत, खुर्चीचा हप्ता आहे, जागेचं भाडं आहे, आणि पेशंट रूट कॅनालला भाजीसारखी घासाघीस करतो. स्केलिंग मी स्वतः करतो. त्यासाठी पंचवीस हजारांची हायजिनिस्ट मला परवडत नाही. मला सक्शन धरणारी, ऑटोक्लेव्ह लावणारी, फोन घेणारी मुलगी लागते.

प्लास्टरवाला, सांगली
म्हणजे नोकरी नाही, हे तुम्हीच सांगितलंत. मग तीस हजारांची स्वप्नं विकणाऱ्याला तिथे का नाही बोललात?

पुण्याची मिलिंगवाली
प्लास्टरवाले काका, सांगलीच्या एका लॅबवरून अख्ख्या धंद्याचा निकाल लावू नका. मी हाच डिप्लोमा सरकारी कॉलेजातून केला, फी अगदी किरकोळ. मग स्वतःच्या पैशाने एक्सोकॅड हे दात डिझाइन करायचं सॉफ्टवेअर शिकले. आता दिवसभर स्क्रीनवर डिझाइन करते. झिर्कोनिया, म्हणजे कॅपचं पांढरं सिरॅमिक, भट्टीत दीड हजार अंशांच्या आसपास भाजताना साधारण वीस टक्के आकसतो, म्हणून मिलिंग करताना, म्हणजे मशीनवर कोरतानाच, तो त्या हिशोबाने मोठा कापावा लागतो. सॉफ्टवेअर आकडा देतं, पण चावा कुठे अडेल आणि कड कुठे पातळ होईल हे दाताची रचना शिकलेल्यालाच कळतं. माझा पगार तुमच्या आकड्याच्या तिप्पट आहे.

प्लास्टरवाला, सांगली
आनंद आहे. पण तुझा पगार एक्सोकॅडचा की डिप्लोम्याचा? सरकारी जागा मिळाली तर जरूर करावा, एवढं मानतो. मी खासगी फीबद्दल बोलतोय.

डॉ. मुलुंडकर
हात चालतो म्हणणाऱ्यांच्या कॅपा आम्हीच काढतो. तीनतीनदा परत पाठवाव्या लागतात.

प्लास्टरवाला, सांगली
आता बोलायलाच लावलंत. पेशंटच्या दातांचं अल्जिनेटच्या लगद्यात माप घेता, ओल्या कापसात न गुंडाळता तसंच डब्यात टाकून दुपारच्या एसटीने पाठवता. आमच्याकडे येईस्तोवर ते सुकून आकसलेलं असतं. त्यावर प्लास्टर ओतून कितीही नीट काम केलं तरी कॅप बसणार कशी? स्पिरिटच्या दिव्यावर हत्याराचं टोक तापवून मेणाचा एकेक थेंब डायच्या, म्हणजे प्लास्टरच्या दाताच्या, कडेला बसवायचा असतो. केसाएवढी फट राहिली तरी आत कीड लागते. ते आम्हाला कळतं. पण माप बिघडलं तुमच्याकडे आणि रिपीट, म्हणजे पुन्हा बनवून देणं, फुकट आमच्याकडे! मेटल-सिरॅमिक युनिटचे आम्हाला साडेतीनशे-चारशे मिळतात. तुम्ही पेशंटकडून किती घेता ते इथे लिहा.

डॉ. मुलुंडकर
ते पैसे फक्त कॅपचे नसतात. भूल, दात कापणं, दोन-तीन बैठका, उद्या दुखलं तर रात्री अकराला येणारा फोन, हे कोण करतं? माझं चुकलं असेल तिथे मी रिपीटचे पैसे देतो. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

मिरजेचा लॅबवाला
रिपीट राहू द्या, उधारीवर बोला. महिन्याचं बिल तीन-तीन महिने अडकतं. आम्ही सिरॅमिक पावडर रोखीने आणायची, पोरांचा पगार सात तारखेला द्यायचा, आणि डॉक्टर म्हणणार "पुढच्या केससोबत बघू". फोन केला तर दुसरी लॅब धरतात. एकाने बुडवलेल्या पैशांत माझ्याकडच्या दोन मुलांचा वर्षाचा पगार निघाला असता. लॅबच्या मुलाचा पगार का वाढत नाही, याचं उत्तर डिप्लोम्यात नाही, या उधारीत आहे.

डॉ. मुलुंडकर
आमच्याही पेशंटची उधारी असते, ती कुणाला दिसत नाही.

मिरजेचा लॅबवाला
दिसते की! ती आमच्याच वहीत उतरते.

बारावीची आई, अहिल्यानगर
तुमची भांडणं चालू द्या, पण माझा प्रश्न राहूनच गेला. मुलीला हायजिनिस्टला घालायचं चाललंय. एजंट म्हणतो रेल्वेत जागा निघतात, आणि अमेरिकेत तर वर्षाला लाख डॉलर मिळतात. खरं काय?

परीक्षार्थी
रेल्वेचं अर्धसत्य आहे. २०२४ च्या पॅरामेडिकल भरतीत डेंटल हायजिनिस्टच्या जागा अख्ख्या देशात ३ होत्या. त्याच जाहिरातीत नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या ७१३. मूळ वेतन ३५,४०० चांगलंच आहे, पण तीन खुर्च्यांसाठी दोन वर्षं घालायची का, ते ताई तुम्हीच ठरवा. शिवाय नुसता डिप्लोमा पुरत नाही. विज्ञानाची पदवी आणि कामाचा अनुभवही मागतात.

टँपाहून
मी नागपूरची बीडीएस. फ्लोरिडात परदेशात शिकलेल्या डेंटिस्टला परीक्षा देऊन हायजिनिस्टचं लायसन्स घेता येतं, तसं मी घेतलं. पगाराचा आकडा फार खोटा नाही. २०२४ मध्ये अख्ख्या अमेरिकेतल्या हायजिनिस्टची मध्यम कमाई वर्षाला ९४ हजार डॉलरच्या घरात होती. पण तो पगार भारतातल्या डिप्लोम्यावर मिळत नाही! इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातूनच तो कोर्स पुन्हा करावा लागतो, आणि त्याचा खर्च डॉलरमध्ये असतो. मला सवलत मिळाली ती बीडीएसमुळे. नुसती असिस्टंट असेल तर कमाई याच्या निम्मी. ताई, त्या एजंटला एक पैसा देऊ नका.

बारावीची आई, अहिल्यानगर
मग तिने करावं तरी काय? घरी दोन एकर आहे. एकदा फी भरली की दुसऱ्यांदा भरता यायची नाही.

पुण्याची मिलिंगवाली
मुंबई, नागपूर, संभाजीनगर इथल्या सरकारी दंत महाविद्यालयांत चौकशी करा. जागा मिळाली तर घ्या, तेही हात कामाला वळत असेल तरच. नाही तर नर्सिंग बघा.

प्लास्टरवाला, सांगली
आणि खासगीत जायचंच ठरलं, तर फी भरण्याआधी कोर्सच्या मान्यतेचं पत्र मागा. मागच्या बॅचची पाच मुलं आज कुठे आहेत, त्यांचे फोन मागा. फोन देत नसतील तर तिथून उठा. डॉक्टर, यावर तरी वाद घालू नका.

डॉ. मुलुंडकर
यावर नाही घालत. रिपीटवर घालणार.