प्रतिसाद: आजोबांची रेजिमेंट कशी शोधावी?

1971च्या युद्धात गनर (तोफखान्यातले सैनिक) असलेल्या आजोबांची रेजिमेंट कशी शोधायची, असा प्रश्न आहे. त्यांचं 'संग्राम मेडल' (1971च्या युद्धातल्या सेवेचं पदक) असेल तर भिंगाखाली त्याची कड बघा. तिथे बहुधा नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. कोकणातल्या खाऱ्या हवेने पदक हिरवट पडतं, म्हणून चिंचेने मात्र घासू नका (घरोघरी हेच होतं!), अक्षरं उथळ, ती झिजतात. नंबर मिळाला की डिस्चार्ज बुकाच्या (सैन्यातून निवृत्त होताना मिळणाऱ्या सेवा-पुस्तिकेच्या) प्रतीसह जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत नाशिक रोड कॅम्पच्या तोफखाना अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करा. नुसत्या नावावर शोध अडतो, नावं सारखी असतात. आणि आजोबांचा स्मृतिफलक करणार असाल तर त्यावर बॅटरीला (रेजिमेंटमधल्या तोफांच्या तुकडीला) रेजिमेंट लिहू नका: फील्ड रेजिमेंटमध्ये साधारण 3 बॅटऱ्या, प्रत्येकीत 6 तोफा.