कागदी विमान वर उठून आपटते: बदल घडीत करावा की फेकीत?

नमस्कार. खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवते. पुढील महिन्यात बेळगावात मुलांची कागदी विमानांची स्पर्धा आहे. ए-फोर आकाराचा एकच कागद वापरायचा, कात्री, डिंक, टाचणी चालणार नाही, आणि बंद सभागृहात विमान जमिनीला प्रथम टेकेल तिथपर्यंतचे अंतर मोजले जाईल, असे नियम आहेत. आमचे टोकदार विमान हळू फेकले तर नीट जाते; परंतु जोर लावताच नाक वर करते, क्षणभर अडखळते आणि तिथेच कोसळते. शिवाय इकडे पाऊस लागला की कागद मऊ पडतो व घड्या सुटतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ए-फोर कागदाच्या विमानाने ८८.३१८ मीटरचा विक्रम केला, त्याच पद्धतीने मुलांकडून सराव करून घ्यावा का?

उत्तर (निपाणीहून): मॅडम, दोष फेकीपेक्षा तोलात दिसतो. पंखांना मिळणारी उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे मागच्या कडेचा जो किंचित वरचा बाक हळू फेकीत जाणवतही नाही, तोच जोराच्या फेकीत नाक वर रेटतो आणि वेग संपून विमान पडते. विमान मागून डोळ्यांच्या रेषेत धरून ती कड सपाट करावी. तरीही नाक उठलेच, तर नवीन कागद घेऊन पुढच्या बाजूला एखादी अरुंद घडी जास्त घालावी, म्हणजे वजन पुढे सरकते. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाचा आला ते मुलांना कळणार नाही. विमान एकाच बाजूला वळत असेल, तर दोन्ही पंख सारखे नाहीत असे समजावे.

विक्रमाची नक्कल मात्र करू नये. ती फेक सुमारे ४० अंशांच्या कोनातून, मोठ्या माणसाच्या पूर्ण ताकदीने केलेली होती. सातवीच्या मुलांनी तसे केले तर विमान छताला लागेल. जवळजवळ आडवी फेक पुरे. त्या विमानाचा कागद १०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचे वजन १०० ग्रॅम) होता, म्हणजे ए-फोरचे एक पान सव्वासहा ग्रॅमचे. ८० जीएसएमचे पान पाच ग्रॅम भरते. जाड कागद चालतो का, हे आयोजकांना आधीच विचारावे. कागद हवेतली ओल शोषतो, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावा आणि सभागृहातच पट्टीच्या कडेने दाबून घडी घालावी.

मूळ प्रश्नकर्ती: आभारी आहे. पुढे घड्या वाढवल्या तर पंख लहान होऊन विमान कमी तरंगणार नाही का?

उत्तर: कमी तरंगेल, पण आपल्याकडे अंतर मोजणार आहेत, वेळ नव्हे. हवेत सर्वाधिक काळ राहण्याच्या प्रकारात जपानच्या ताकुओ तोडा यांनी २०१० मध्ये २९.२ सेकंदांचा विक्रम केला होता. तिथे रुंद पंख हवेत, इथे ते आड येतील.