सल्ला हवा: महानायकांच्या युद्धात सापडलेल्या सामान्य माणसांवरचे एक कॉमिक

रामबागकर:
माझी भाची यंदा बारावीत आहे. महानायकांचे चित्रपट पाहताना तिचे लक्ष कोसळणाऱ्या इमारतींकडेच असते आणि त्या घरांत राहणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे ती दर वेळी मलाच विचारते. तिच्या वाढदिवसासाठी असे एकच कॉमिक हवे आहे, ज्यात ही युद्धे रस्त्यावरच्या माणसाच्या नजरेतून दिसतात. इंग्रजी चालेल. मर्यादा ८०० रुपये आहे. खजुरी बाजारात जुनी प्रत शोधण्याचीही तयारी आहे.

निवांत वाचक:
१९९४ चे ‘मार्व्हल्स’ घ्या. लेखन कर्ट ब्युसिक यांचे आणि रंगचित्रे ॲलेक्स रॉस यांची. कथा सांगणारा फिल शेल्डन हा वृत्तछायाचित्रकार आहे. ह्यूमन टॉर्च आणि नेमॉर यांच्या झुंजीत उडालेला तुकडा लागून त्याचा एक डोळा जातो, तरीही पुढची अनेक वर्षे तो त्यांचीच छायाचित्रे टिपत राहतो. मी पुठ्ठा बांधणीची मोठी आवृत्ती परदेशातून मागवली. किंमत आपल्या मर्यादेच्या पाचपट पडली, पण रॉस यांची चित्रे लहान आकारात पाहणे हा त्यांचा अपमानच आहे.

निवृत्त सर्वेक्षक:
विमा सर्वेक्षणात माझी तीस वर्षे गेली, म्हणून मी १९८९ चे ‘डॅमेज कंट्रोल’ सुचवतो. महानायकांनी केलेली मोडतोड निस्तरणाऱ्या कंपनीची ही विनोदी कथा आहे. आपल्याकडच्या मालमत्ता विम्यात युद्धामुळे झालेली हानी साधारणपणे वगळलेली असते, त्यामुळे भाचीच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘दावा नामंजूर’ असेच आहे.

मल्हारगंज:
परक्या शहरांपर्यंत कशाला जायचे? १८०१ मध्ये शिंद्यांचे सरदार सर्जेराव घाटगे यांनी होळकरांचे, म्हणजे आपले इंदूरच लुटले. घाटगे आणि यशवंतराव होळकर ही नावे मला पाठ आहेत, पण ज्यांची घरे धुऊन नेली त्यांतले एकही नाव सांगता येत नाही.

निवृत्त सर्वेक्षक:
आणि १८०२ मध्ये हडपसरची लढाई जिंकून होळकरांनी पुणे लुटले, तेही सांगा. इंदूरच्या लुटीशी पुण्याच्या वाणीउदम्यांचा काय संबंध होता?

मल्हारगंज:
आपण होळकरांच्या गावात राहून हे लिहीत आहात, याची नोंद घेतली आहे.

अर्धा संच:
माझी फसगत ऐका. २००६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये स्टॅमफर्ड शहरात स्फोट होऊन शाळकरी मुलांसह शेकडो माणसे मरतात आणि महानायकांनी सरकारकडे नोंदणी करावी की नाही, यावरून त्यांच्यातच फूट पडते. तोच काळ बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड या दोन पत्रकारांच्या नजरेतून सांगणारी ‘फ्रंट लाइन’ ही ११ अंकांची जोडमालिका मी मागवली. ती दोन भागांत मिळते, हे विक्रेत्याने सांगितले नाही आणि माझ्या हाती फक्त दुसरा भाग आला. पहिल्याविना तो वाचायचा कसा? परत घेण्यासही त्याने नकार दिला.

छायाप्रत:
‘मार्व्हल्स’च घ्या. त्याचा नायक छायाचित्रकार आहे.

निवांत वाचक:
हे मी वर लिहिलेलेच आहे.

रामबागकर:
सर्वांचे आभार. ‘मार्व्हल्स’ची साधी आवृत्तीही मला मर्यादेबाहेर मिळत होती. भाचीला हा धागा दाखवला, तेव्हा सॅली फ्लॉइड शेवटी कॅप्टन अमेरिकेला समोर बसवून जाब विचारते, हे तिने आपले आपणच शोधून काढले आणि तो प्रसंग दुसऱ्या भागात असल्याने तिला तोच हवा आहे. अर्धा संच यांनी आपली प्रत २५० रुपयांत द्यावी, ही विनंती.

अर्धा संच:
३०० द्या. रविवारी संध्याकाळी राजवाड्यापाशी भेटू.

निवृत्त सर्वेक्षक:
पैसे देण्यापूर्वी पाने मोजून घ्यावीत.