घनवादी (क्युबिस्ट) वस्तुचित्र: तांब्या फुटल्यासारखा दिसतोय, कुठे चुकतंय?

खडूपाटी: तुळशीबागेतला पितळी तांब्या, कपबशी आणि घडी घातलेला पेपर अशी मांडणी आहे. 16 x 20 इंच कॅनव्हास, अ‍ॅक्रिलिक. रेखाटनावर पट्टीने रेघा मारून तुकडे वेगवेगळ्या रंगांत भरले, तर रंगीत काचांची खिडकी झाली. घनवादी फ्रेंच चित्रकार ब्राकच्या 1910 च्या चित्रांत वस्तू मागच्या जागेत विरघळते, तसं हवंय.

गेरू_काव: पट्टी ठेवून द्या. तुम्ही एकाच कोनातून दिसलेला तांब्या कापलाय. ब्राक-पिकासो अनेक कोन एकत्र बसवत होते. ट्रेसिंग पेपरवर तीन रेखाटनं करा: समोरून, वरून (तोंड पूर्ण गोल) आणि तिरकं. एकावर एक ठेवून सरकवत राहा. एकाची गळ्याची रेघ दुसऱ्याच्या काठाला मिळाली की थांबा. आता पाच-सहाच रेघा ठेवा: तोंडाचा गोल, गळ्याचं वळण, पोटाची एक बाजू, बूड. बाकी पुसा.

काचेच्या खिडकीचं कारण म्हणजे तुमचा प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी बंद आहे. एक कड गडद, धारदार ठेवा. तिच्या विरुद्ध बाजूची कड शेजारच्या रंगात विरू द्या. यालाच ‘पासाज’ म्हणतात, मूळ त्यांच्या आधीच्या फ्रेंच चित्रकार सेझानचं. प्रत्येक तुकड्याचा उजेड-अंधार स्वतंत्र हवा. सगळ्यांवर एकाच खिडकीचा उजेड पाडलात तर खोक्यांचा ढीग होईल.

सुकाब्रश: रंग चारच: यलो ऑकर, रॉ अंबर, आयव्हरी ब्लॅक, टायटेनियम व्हाइट. अ‍ॅक्रिलिक भराभर वाळतं, म्हणून कड विरायच्या आत पट्टा पडतो. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) घाला (बाटलीवरच्या प्रमाणापेक्षा जास्त नको, थर चिकट राहतो) किंवा चपट्या, राठ केसांच्या ब्रशने आखूड आडवे फटकारे मारा. पितळेचा पिवळा सोडवत नसेल तर हुआन ग्रिस या घनवादी चित्रकाराची चित्रं पाहा, तिथे रंगही आहे आणि कडाही स्पष्ट.

गेरू_काव: आणि पेपर खरा चिकटवायचा मोह झाला तर ते 1912 पासूनचं प्रकरण. पिकासोने वेताच्या जाळीची छपाई असलेलं मेणकापड चिकटवलं, ब्राकने लाकडाच्या रेषांचा वॉलपेपर. तिथे आकार सपाट आणि मोठे असतात, विरघळणं संपतं. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त, पिवळा पडणारच. आम्लविरहित कागदावर झेरॉक्स काढा. पाणी घातलेल्या गोंदाने तो फुगून सुरकुततो, म्हणून मॅट मीडियम (चकाकी नसलेलं, रंगहीन अ‍ॅक्रिलिक) लावा आणि मधून कडेकडे दाबत न्या.

खडूपाटी: पेपर रंगवतोच मग. कपाचा कान मात्र जसाच्या तसा ठेवला तर चालेल?

सुकाब्रश: ठेवाच. नजरेला धरायला काहीतरी लागतं. ब्राकच्या 1909 च्या ‘व्हायोलिन अँड पॅलेट’मध्ये सगळं मोडलंय, पण वर पॅलेट अडकवलेला खिळा सावलीसकट अगदी खऱ्यासारखा आहे.