आफ्रिकेतलं स्थलांतर : गाव सुधारतं की पोखरतं?

सह्याद्रीपलीकडचा (धागाकर्ता)

आफ्रिकी स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भूमध्य समुद्रातली रबरी बोट येते. बातम्यांत तेवढंच दिसतं, त्याला आपण काय करणार. पण संयुक्त राष्ट्रांचे २०२० चे आकडे बघा. साधारण २ कोटी १० लाख आफ्रिकी माणसं आफ्रिकेतल्याच दुसऱ्या देशात राहत होती, युरोपात १ कोटी १० लाखांच्या आसपास. बोटीत बसणाऱ्यापेक्षा शेजारच्या देशाची बस पकडणारा कितीतरी जास्त, आणि त्याच्यावर चर्चा जवळपास शून्य.

म्हणून मलावीची गोष्ट सांगतो. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींना माणसं पुरवणारी एक भरती संस्था होती, लोक तिला 'वेनेला' म्हणत. १९६७ साली करार होऊन भरतीवरची मर्यादा उठली आणि मलावीतून माणसं लोंढ्यानं गेली. पुढे एप्रिल १९७४ मध्ये घरी परतणाऱ्या कामगारांचं विमान बोट्स्वानात फ्रान्सिसटाऊनला कोसळलं. इंधन चुकीचं भरलं गेलं होतं, सत्तरहून जास्त माणसं गेली. मलावीचे अध्यक्ष बांडा यांनी भरतीच बंद केली. पुढच्या दोन-तीन वर्षांत लाखभर पुरुष गावी परतले, पगारातून राखून ठेवलेली रक्कम घेऊन.

टॅरिन डिंकलमन आणि मार्टीन मारिओटी या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी यावर २०१६ साली काम छापलं. भरती केंद्र असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे यांची तुलना त्यांनी जनगणनेवरून केली. त्या काळात जी मुलं शाळेच्या वयाची होती, त्यांचं शिक्षण केंद्रवाल्या जिल्ह्यांत साधारण ५ ते ७ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि हा फरक ती मुलं मोठी झाल्यावरही टिकलेला होता.

माझं मत सरळ आहे. "माणसं बाहेर गेली की गाव बुडतं" हे रडगाणं आता बंद करावं.

तिरकस_तात्या

अहो, ५ टक्के म्हणजे किती ते तरी सांगा! शाळा सरासरी तीन-चार वर्षं धरली तर हे झाले दोन-तीन महिने. दोन-तीन महिन्यांच्या शाळेसाठी बापानं जमिनीखाली उतरायचं?

आणि छातीचं काय? खाणीतली धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो. तो पुष्कळदा वर्षानुवर्षांनी वर येतो, म्हणजे माणूस घरी आल्यावर. सोन्याच्या खाणींच्या कंपन्यांनी आजारी कामगारांसाठी ५ अब्ज रँडची (रँड म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं चलन) तडजोड केली, तिला जोहान्सबर्गच्या न्यायालयानं मंजुरी दिली ती २०१९ साली. तोवर किती जण गेले असतील! तुमच्या अभ्यासात शाळा जमेला धरली, छाती नावे टाकलीच नाही. असा हिशोब आमच्या पतपेढीत चालला नसता.

सह्याद्रीपलीकडचा

तात्या, टोमणा पोचला. पण ते दोन-तीन महिने सगळ्या जिल्ह्याची सरासरी आहे, ज्या घरातून कोणी गेलंच नाही तीसुद्धा त्यात धरून. मलावीत प्राथमिक शाळेची फी १९९४ ला माफ झाली, त्याआधी पोर शाळेत घालायचं तर रोख लागायची. शेतावर राबून हातात रोख किती येते ते तुम्हाला मी सांगायला नको.

सिलिकोसिस हा खाणमालकांचा गुन्हा आहे, स्थलांतराचा नाही. धूळ दाबायला पाणी मारलं नाही ते कुणी?

माई_चिपळूण

दोघांचंही वाचलं. मी कोकणातली, मला मलावी लांबचं वाटत नाही. आमचं गाव मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायचं. आजोबा गिरणीत होते. पोस्टमन आला की आजी पदराला हात पुसत ओट्यावर यायची, अंगठा उठवायची, पैसे मोजायची आणि त्यातले वाण्याचे लगेच बाजूला काढून ठेवायची. आजोबा शेवटी परत आले ते कापसाच्या धुळीचा खोकला घेऊनच. रात्रभर माजघरात ऐकू यायचा. त्यामुळे तात्यांचं म्हणणं मला पटतं.

पण मला वेगळंच विचारायचंय. या सगळ्या संशोधनात मागे राहिलेली बाई कुठे आहे? तिचं नाव येतं ते बहुतेक रोगाच्या संदर्भात. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही पसरला तेव्हा सगळे म्हणायचे, नवरा खाणीतून रोग घेऊन येतो आणि बायकोला देतो. मार्क ल्युरी आणि सहकाऱ्यांनी क्वाझुलू-नाताळमध्ये जोडपी तपासली, २००३ ला निष्कर्ष छापले. दोघांपैकी एकालाच लागण झालेली जी जोडपी होती, त्यातल्या जवळपास ३० टक्क्यांत लागण बाईला होती. लगेच चारित्र्यावर जाऊ नका. वर्ष वर्ष एकटी राहिलेली, हातात पैसा वेळेवर न येणारी बाई होती ती. माणसं बाहेर गेल्यावर घराचं काय होतं ते इथे दिसतं, पाचवी-सहावीच्या आकड्यात नाही.

जोबर्गकर

मी अकरा वर्षं जोहान्सबर्गमध्ये आहे. तुम्ही सगळे माणूस जिथून निघतो तिथलं बोलताय, तो पोचतो तिथलं मी सांगतो.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडून थोड्या अंतरावर ओमालायिशांच्या गाड्या लागतात. ओमालायिशा म्हणजे झिम्बाब्वेला सामान पोचवणारे खाजगी गाडीवाले. गाडीमागे ट्रेलर, त्यावर माणसाच्या दुप्पट उंचीचा ढीग. तेलाचे डबे, मक्याचं पीठ, साबण, ब्लँकेटं, आणि निळ्या-लाल चौकड्यांच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. बँकेनं किंवा एजंटानं २०० डॉलर पाठवले तर सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे १६ डॉलर. म्हणून लोक पैशाऐवजी पीठच पाठवतात. गावाकडे एसटीच्या टपावर फणस चढायचे तसं.

आणि याच माणसांना इथे 'मक्वेरेक्वेरे' म्हणून हिणवतात. मे २००८ मध्ये जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीपासून दंगे पेटले, ६२ माणसं मेली. त्यातली २१ दक्षिण आफ्रिकेचीच होती, हे कुणी सांगत नाही. २०२२ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेले २४ लाख, म्हणजे ४ टक्क्यांच्या आसपास. रस्त्यावर विचारा, लोक एक तृतीयांश सांगतील.

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अभ्यासात तर एका स्थलांतरित कामगारामागे स्थानिकांसाठी सुमारे दोन नोकऱ्या तयार झालेल्या दिसल्या.

घाटावरचा_गण्या

हे दोन नोकऱ्यांचं गणित मला कोणी समजावून सांगेल का? देशात बेरोजगारी ३० टक्क्यांच्या वर. त्यातला एक पोरगा रोज पाहतो की कोपऱ्यावरचं दुकान सोमाली चालवतो, बांधकामावर मोझांबिकचा गवंडी. त्याला तुमचा अहवाल वाचून दाखवणार?

शिवाय त्याच देशावर फाक्किनी, मायदा आणि मेंडोला या अर्थतज्ज्ञांचंही काम आहे. जिल्हावार बघितलं तर स्थलांतरित वाढले तिथे स्थानिकांचा रोजगार घटला, असं त्यात आहे. पण धाग्यावर आली फक्त बँक. सोयीचं तेवढं उचलायचं!

दंगे वाईटच, त्यावर वाद नाही. पण मुंबईत आम्ही परप्रांतीयांबद्दल चकार शब्द काढला की संकुचित ठरतो, म्हणून विचारतोय. स्थानिकानं बोलायचं तरी कुठे?

जोबर्गकर

गण्या, तो दुसरा अभ्यास मी वाचलाय, सोडला ही चूकच. पण तोही पूर्ण सांग ना राव. देश एकत्र धरला की रोजगारावरचा तो परिणाम दिसत नाही. जिल्ह्यात दिसतो.

घाटावरचा_गण्या

माणूस जिल्ह्यातच राहतो. देशाच्या सरासरीत कोण राहतं?

तिरकस_तात्या

गण्याशी पहिल्यांदाच सहमत होतोय, तारीख लिहून ठेवा.

पण 'बोलायचं कुठे' याचं पुढे काय होतं तेही बघ. १९६९ ला घानाच्या सरकारनं परक्यांना दोन आठवड्यांची मुदत देऊन बाहेर काढलं, त्यात नायजेरियन पुष्कळ होते. पुढे तेलाचे भाव पडले, नायजेरियात निवडणूक आली आणि जानेवारी १९८३ ला त्यांनी परदेशी लोक हाकलले. दहा लाखांवर घानाचेच. जोबर्गकर म्हणतात त्या चौकड्यांच्या पिशवीत संसार भरून लोक निघाले, म्हणून त्या पिशवीला तिकडे आजही 'घाना मस्ट गो' म्हणतात. बाजारात पिशवी मागताना एका देशाला हाकलल्याची आठवण काढायची, बोला! आणि माणसं हाकलून तेलाचा भाव काही वर आला नाही.

माई_चिपळूण

माझ्या प्रश्नावर तुम्ही चौघांनीही उत्तर दिलेलं नाही.

सह्याद्रीपलीकडचा

माई, खरं आहे, द्यायला उत्तर नव्हतं म्हणून गप्प होतो. जनगणनेत पोर शाळेत किती गेलं ते कळतं. घरात पैसा कोणाच्या हातात आला, वाण्याचे कोणी बाजूला काढले, हे त्यात येत नाही, आणि मी लिहिताना ते विचारलंही नाही. मलावीतली ती पोरं शाळेत गेली तेव्हा बाप खाणीत होता किंवा नुकता परतला होता, म्हणजे रोज त्यांना पाठवणारी आईच असणार. मत बदललेलं नाही, पण 'रडगाणं' हा शब्द मागे घेतो.

तिरकस_तात्या

जमा करून घेतला. पावती माईंच्या नावानं फाडा.